उलटी बाजू

आमच्या सायखेड्यांत ज्या गोष्टी सर्वांस आपोआप समजतात त्यांत कापडावर लेख लिहिणें ही गोष्ट मोडत नाहीं. कांदा लासलगांवीं कोणत्या भावानें गेला, द्राक्षांवर औषध केव्हां मारावें, गंगापूर धरणांतून पाणी सोडल्यावर तें आमच्या पुलाशीं कधीं पोंचेल, यांविषयीं येथील शाळकरी मुलगाहि अधिकारवाणीनें बोलेल. परंतु कोणी लुगड्यांचे कांठ, पदर आणि रंग यांवर लिहावें, आणि तें लिहिणें दूरदूरच्या लोकांनीं आवडीनें वाचावें, हा प्रकार गांवास अद्याप नीटसा पचलेला नाहीं. आम्ही हा उद्योग कित्येक वर्षें करीत आहों. तरीहि घरीं पाहुणा आला आणि "सूनबाई काय करतात?" असें त्यानें विचारलें, म्हणजे मामंजी क्षणभर थांबतात, "लिहितात कांहींतरी," एवढेंच सांगतात आणि पानाचा डबा पाहुण्याच्या पुढें सरकवितात. या 'कांहींतरी'चा आम्हांस पूर्वीं फार राग येई.

उद्योग तसा साधा आहे. निरनिराळ्या प्रांतांचें कापड पाहावें, नेसून पाहावें, त्याचीं छायाचित्रें घ्यावीं आणि त्यांत चांगलें काय, तें आपल्या शब्दांत लिहावें. वाचणारे आपापल्या फोनवर वाचतात आणि कांहीं जण आमच्या शब्दावर खरेदी करतात. ही गोष्ट एकदां दुकानदारांच्या ध्यानांत आली म्हणजे घरीं पुडकीं येऊं लागतात. कोणी साडी पाठवितो, कोणी ओढणी पाठवितो. किंमत कोणी मागत नाहीं. मागतात ते फक्त 'दोन शब्द'. २०२१ सालीं भारतीय जाहिरात मानक परिषदेनें असा दंडक घातला कीं, अशी फुकट आलेली वस्तु वाखाणतांना ती भेट आहे हें वाचकांस स्पष्ट कळविलें पाहिजे. २०२३ च्या जानेवारींत केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेंहि त्याच अर्थाच्या सूचना काढल्या. हा नियम आम्ही कसोशीनें पाळीत आलों. भेट आली तर 'भेट' असें लिहिलें, आणि आपली सदसद्विवेकबुद्धि शाबूत आहे असें समजून निश्चिंत झोपलों. नियम पाळला म्हणजे सत्य सांगितलें असें होत नाहीं, हें कळावयास आम्हांस मुंबईपर्यंत जावें लागलें.

एके वर्षीं मार्च महिन्यांत तेथील लॅक्मे फॅशन वीकचें आमंत्रण आम्हांस आलें. रात्रीं जेवणें चाललीं असतां आम्हीं ही बातमी सांगितली.

"म्हणजे काय असतें गं तेथें?" थोरल्या काकूंनीं आमटीचा डाव हातांत धरूनच विचारलें.

"नवे कपडे घालून मुली एका लांब चौथऱ्यावरून चालत येतात आणि परत जातात. लोक दोन्ही बाजूंस बसून पाहतात."

"विकत घेतात?"

"तेथल्या तेथें नाहीं. मागाहून."

"आणि हें सबंध आठवडाभर?"

"म्हणायचा आठवडा. दिवस चार-पांचच असतात."

काकूंनीं आमटी वाढली आणि म्हणाल्या, "मग तें नाटकच म्हणायचें."

काकूंचा शब्द त्यांस स्वतःस वाटला असेल त्याहून नेमका होता. एकोणिसाव्या शतकांत पॅरिस येथें चार्ल्स वर्थ नांवाच्या इंग्रज कारागिरानें मोठ्या घरच्या स्त्रियांचे कपडे शिवण्याची पेढी काढली, आणि नवे कपडे नुसते पुतळ्यावर न टांगतां जिवंत मुलींच्या अंगावर घालून गिऱ्हाइकांस दाखविण्याची चाल पाडणाऱ्यांत तो अग्रेसर होता. पुढें दुसऱ्या महायुद्धांत पॅरिस जर्मनांच्या ताब्यांत गेल्यामुळें अमेरिकन पत्रकारांस तेथील कपडे पाहावयास जातां येईना. तेव्हां १९४३ सालीं एलेनॉर लॅम्बर्ट या बाईंनीं न्यू यॉर्कमध्येंच आपल्या देशांतील कारागिरांचे कपडे पत्रकारांस एकत्र दाखविण्याचा आठवडा भरविला. आजच्या फॅशन वीकांची परंपरा तेथपर्यंत जाते. म्हणजे हा प्रपंच मुळापासूनच गिऱ्हाइकासाठीं कमी आणि लिहिणाऱ्यासाठीं अधिक आहे. आपल्याकडे दिल्लीस १९९८ सालीं फॅशन डिझाइन कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्था निघाली. मुंबईचा आठवडा त्यानंतर लवकरच सुरू झाला, आणि २०२१ पासून दोन्ही पक्षांनीं हातांत हात घालून तो चालविला आहे.

परंतु त्याच्याहि कितीतरी आधीं महाराष्ट्रानें आपली फॅशन नाटकांतच पाहिली होती. १९११ सालीं 'संगीत मानापमान' रंगभूमीवर आलें आणि १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, भरजरी शालू आणि पैठण्या नेसून रंगभूमीवर येत, आणि त्यांनीं पदर कसा घेतला, अंबाडा कसा घातला, हें पाहून घरोघरच्या स्त्रिया तसा पदर घेऊं लागत व तसा अंबाडा घालूं लागत. एका पुरुषानें महाराष्ट्रांतील स्त्रियांस नेसावें कसें तें शिकविलें, ही गोष्ट आज नवलाची वाटते. तथापि त्या काळच्या प्रेक्षकांस एक सोय होती. आपण नाटक पाहत आहों हें त्यांस ठाऊक असे.

जाण्याच्या आदल्या दिवशीं काकूंनीं माळ्यावरची ट्रंक खालीं काढविली. तींत मलमलीच्या फडक्यांत गुंडाळलेली आमच्या घरची पैठणी असते. डाळिंबी अंग, नारळी कांठ आणि पदरावर मोर. आमच्या आजेसासूबाईंच्या लग्नांत ती घरांत आली, आणि त्यानंतर या घरांत आलेल्या प्रत्येक सुनेनें आपल्या पहिल्या लक्ष्मीपूजनास ती नेसली आहे. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षांच्या ऑगस्टांत गोदावरीस मोठे पूर आले. चांदोरीस आणि आमच्या गांवांत पाणी शिरलें. तेव्हां काकूंनीं प्रथम देव वर नेले, मग ही ट्रंक, आणि मग धान्याकडे पाहिलें. दर चार-सहा महिन्यांनीं त्या ती उलगडून निराळ्या रेषेवर घडी घालतात; कारण एकाच घडीवर वर्षानुवर्षें ठेविलें तर रेशीम आणि जर तेथेंच तुटतात. डांबराची गोळी तिच्या अंगास लागूं देत नाहींत. त्या गोळीनें जर काळवंडते असें त्यांचें मत आहे.

"हीच नेस," काकू म्हणाल्या. "नाटकाला जायचें तर नीट नेसून जावें."

इतक्यांत शेजारच्या मावशी प्रवासासाठीं दशम्या आणि लसणाची चटणी घेऊन आल्या. मावशी आमच्या नात्याच्या नव्हेत. परंतु भिंतीस भिंत लागलेल्या घरांत नातें निराळें जोडावें लागत नाहीं. त्यांचे यजमान शाळेंत शिक्षक होते. आदल्या वर्षीं त्यांच्या मुलीचें, आमच्या ताईचें, लग्न झालें तेव्हां त्यांनीं निवृत्तिवेतनांतून सांठविलेल्या पैशांची एक पैठणी घेतली होती, आणि ती कोणती घ्यावी हें आमचा लेख वाचून ठरविलें होतें. या गोष्टीचा आम्हांस केवढा अभिमान! गांवांत आपलें लिहिणें कोणी मानीत नाहीं, अशी आमची जी तक्रार असे, तीस मावशींची ती खरेदी हें आमचें ठरलेलें उत्तर होतें.

मावशींनीं दशम्यांचें पुडकें खालीं ठेविलें. काकूंच्या मांडीवरचा पदर हातांत घेतला, उलटा करून क्षणभर पाहिला आणि पुन्हां होता तसा ठेवून दिला. "खरी आहे हो," एवढेंच त्या म्हणाल्या. आम्ही त्या वेळीं पिशवी भरीत होतों. आम्हांस त्यांत कांहीं विशेष दिसलें नाहीं.

नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसनें आम्ही मुंबईस उतरलों आणि दुपारीं वांद्रे-कुर्ला संकुलांत पोंचलों. बाहेर छायाचित्रकारांची रांग उभी होती. येणाऱ्या प्रत्येकाचा कपडा ते डोळ्यांनीं मोजीत, आणि मग कांहींचें छायाचित्र घेत, कांहींचें घेत नसत. नऊवारी नेसलेल्या आमचें त्यांनीं घेतलें. खोटें कशास बोलावें? आम्हांस गुदगुल्या झाल्या.

आंत गेल्यावर प्रथम अंधार, मग वाद्यांचा कल्लोळ, आणि मग एकदम लख्ख प्रकाशाचा एक लांब पट्टा. त्यावरून एकेक मुलगी चालत येई. टोकाशीं क्षणभर थांबे, तेथें रचलेल्या छायाचित्रकारांच्या मनोऱ्याकडे पाही आणि परत फिरे. त्या मुली हंसत नाहींत, हें प्रथम चमत्कारिक वाटलें. नवऱ्या मुलीनें बोहल्यावर दांत काढूं नयेत, असा आमच्याकडील जुन्या बायकांचा दंडक होता, त्याची आठवण झाली. पण थोड्या वेळानें त्यांतील मर्म कळलें. चेहरा हंसला कीं पाहणाऱ्याची दृष्टि चेहऱ्याकडे जाते, आणि कपडा मागें पडतो. एका कपड्याच्या वांट्यास डोळ्यांसमोर अर्धें मिनिट येई, आणि सबंध खेळ पाऊण तासाच्या कीर्तनापेक्षांहि लवकर, वीस-पंचवीस मिनिटांच्या आंत, आटोपे. एवढ्यासाठीं रंगाऱ्यानें, विणकरानें, शिंप्यानें आणि कशिद्याचें काम करणारानें कित्येक महिने खर्ची घातलेले असतात.

जें पाहिलें त्यानें आम्ही हरखून गेलों, हें कबूल केलें पाहिजे. शहरी लोकांच्या डामडौलावर नाक मुरडणें ही खेड्यांतील सोपी करमणूक आहे. ती आम्हांस करावयाची नाहीं. पर्यावरणास जपून केलेल्या कापडासाठीं एक दिवस राखून ठेवण्याची तेथें रीत आहे, आणि या लोकांच्या हातीं पडून आपल्या जुन्या कापडांस नवें आयुष्य लाभलें आहे. आमच्या आज्या-पणज्यांच्या चोळ्या ज्या खणाच्या शिवल्या जात, तेंच खणाचें कापड वैशाली शडांगुळे यांनीं आपल्या पोशाखांत आणलें. आणि २०२१ सालीं पॅरिसच्या सर्वांत मानाच्या आठवड्यांत कपडे मांडणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचेंच नांव झालें. खणाला एवढी मजल मारतां येते, ही गोष्ट चोळी शिवणाऱ्या कोणत्या बाईच्या स्वप्नांत आली असती?

आम्ही पाहत होतों आणि पाहतां पाहतां लिहीत होतों. आमच्या आसपास सर्वच तसें करीत होते. एका हातांत फोन उंच धरलेला आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनीं शब्द जुळविणें चाललेलें. टाळ्या थांबण्यापूर्वींच आमचें एक वाक्य वाचकांकडे रवानाहि झालें होतें. वीस हातांवरून, अर्धें मिनिट पाहिलेल्या एका उपरण्याविषयीं आम्हीं लिहिलें होतें, 'हातमागाचा अस्सल आविष्कार.' तें हातमागाचें असेलहि. आम्हांस तें ठाऊक नव्हतें, एवढेंच.

दोन खेळांच्या मध्यंतरांत शेजारच्या खुर्चीवरील एक वयस्कर बाई आमच्याकडे वळल्या. अंगावर साधी सुती साडी, डोळ्यांवर जाड चष्मा. जुन्या कापडांचे नमुने जमवून त्यांच्या नोंदी ठेवण्यांत त्यांचा जन्म गेला होता, हें मागाहून बोलण्यांत कळलें.

"पदराला हात लावूं कां?" त्यांनीं मराठींत विचारलें.

आम्हीं पदर पुढें केला. आम्हांस वाटलें, बाई आतां मोर पाहतील. त्यांनीं मोरांकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. त्यांनीं पदर सरळ उलटा केला, चष्मा कपाळावर चढविला आणि कापड डोळ्यांजवळ नेलें.

"वा!" त्या म्हणाल्या. "इकडूनहि मोर आणि तिकडूनहि मोर. कोठें गांठ नाहीं, कोठें लोंबता धागा नाहीं. कोणी विणली असेल बापड्यानें!"

आम्ही गप्प राहिलों. त्यांनीं समजावून सांगितलें. पैठणीचा पदर हातानें विणतांना नक्षींतील प्रत्येक रंगासाठीं रेशमाची निराळी कांडी असते. मोराची मान जेथें संपते तेथें निळा धागा मागें फिरतो, आणि शेजारची जर त्याच्याशीं गुंतून आपल्या वाटेनें जाते. धागा आपली हद्द सोडून मागच्या अंगानें धांवत नाहीं, म्हणून दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. जॅकार्डनें काढलेल्या पदराची गोष्ट निराळी. तेथें नक्षीचा धागा जेथें हवा तेथें पृष्ठावर येतो आणि नको तेथें मागें दडतो. मागें दडलेले धागे एक तर तसेच मोकळे राहतात, नाहीं तर कातरून टाकतात. समोरून पाहणारास दोन्ही पदर जुळे भाऊ वाटतील. फरक सांगते ती उलटी बाजू.

"तुम्ही तर कापडावरच लिहितां," बाई पदर नीट करीत म्हणाल्या. "तुम्हांला हें काय सांगायचें? तुम्ही उलटून पाहतच असाल."

"हो," आम्ही म्हणालों.

तो 'हो' तोंडांतून गेला आणि आम्हांस मावशींचा हात दिसला. काकूंच्या मांडीवरचा पदर घेऊन उलटा करणारा. "खरी आहे हो." मग खोटी कोणती होती? पुढचा खेळ सुरू झाला. दिवे लागले, मुली आल्या आणि गेल्या. त्यांतला एकहि कपडा आज आम्हांस आठवत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळच्या पंचवटीनें आम्ही परतलों. घरीं पोंचेपर्यंत निजानीज झाली होती. हातपाय धुतले आणि आपलें कपाट उघडलें. ताईची पैठणी ज्या दुकानची, त्याच दुकानानें तिची एक बहीण आम्हांस भेट म्हणून पाठविली होती. तिच्याचविषयीं तो लेख होता. दीड वर्ष ती आमच्या हाताच्या अंतरावर पडून होती. तीन वेळां आम्ही ती नेसलों होतों. तिच्यासह छायाचित्रें काढवून घेतलीं होतीं. आम्हीं पदर उलटला. कापणीनंतर शेतांत खुंट राहावे तसे कातरलेल्या धाग्यांचे खुंट मोरांच्या पाठीवर दाटले होते. ती ओळखावयास विद्वत्तेची गरज नव्हती. पदर उलटण्याची गरज होती.

साडीसमवेत सिल्क मार्कची चिठ्ठी आलेली होती, आणि तीच आम्हीं अस्सलपणाची साक्ष मानली होती. आतां नीट वाचून पाहिलें. ती चिठ्ठी कापड शुद्ध रेशमाचें आहे एवढीच ग्वाही देते. तें हातानें विणलें कीं यंत्रानें, हा तिचा विषयच नव्हे. हातमागाची सरकारी खूण निराळी आहे आणि ती २००६ पासून चालू आहे. ती त्या साडीवर नव्हती. दुकानाचें पत्रहि शोधून काढलें. त्यांत 'येवल्याच्या घाटाची रेशमी पैठणी' असे शब्द होते. 'हातमागाची' हा शब्द त्यांनीं कोठेंहि लिहिला नव्हता. तो शब्द आमचा होता. वाक्य भरगच्च व्हावें म्हणून आम्हीं तो आपल्या पदरचा घातला होता.

म्हणूनच त्या दुकानाचें नांव आम्ही येथें देत नाहीं. दुकानदार आपला माल मांडतो. वाचकांनीं विश्वास ठेविला होता तो दुकानदाराच्या डोळ्यांवर नव्हे, आमच्या डोळ्यांवर.

सकाळीं आम्ही मावशींकडे गेलों. त्या अंगणांत गहूं निवडीत होत्या.

"मावशी, ताईची पैठणी येथें आहे कां?"

मावशींनीं सुपांतून मान वर केली नाहीं. "कशाला हवी तुला?"

"पाहायची आहे."

"पाहिलेली तर आहेस."

"उलटून पाहायची आहे."

सूप थांबलें. मावशी उठून आंत गेल्या आणि पैठणी घेऊन आल्या. ती त्यांच्याकडेच होती. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवास ताई सासरीं ती नेसली होती. तिच्या सासूबाईंच्या ओळखीच्या एक बाई येवल्याच्या होत्या. त्यांनीं कौतुकानें पदर हातांत घेतला, उलटा केला, आणि कांहीं न बोलतां सोडून दिला. बोलल्या असत्या तर बरें झालें असतें. माहेरच्यांनीं यंत्राची साडी हातची म्हणून दिली, अशी कुजबुज त्या दिवाणखान्यांत झाली कीं नाहीं, हें ताईस कधींच कळलें नाहीं. पण ती झाली असेल असें धरूनच ती त्या घरांत वागूं लागली. पुढच्या खेपेस माहेरीं आली तेव्हां, "जपून ठेव," एवढेंच सांगून तिनें साडी आईच्या स्वाधीन केली. मावशींनीं पुढें ती येवल्यास नेऊन एका विणकरास दाखविली. पदर जॅकार्डचा आणि साडी यंत्रमागाची, असें त्यानें पाहतांक्षणीं सांगितलें.

"आणि तुम्हीं मला एका शब्दानें सांगितलें नाहीं?" आम्हीं विचारलें.

"काय सांगायचें? तूं मुद्दाम का केलेंस? आणि गांवांत लिहिणारी एकटी तूं. तुझ्या लिहिण्यांत मीं खोट काढायची?" मावशी थांबल्या. "तुझे काका म्हणाले, सांगूं नकोस, तिला लागेल."

म्हणजे आमच्या लेखानें ज्यांची फसगत झाली, तेच आमचें मन जपीत इतके महिने गप्प होते! आम्हीं पैसे देण्याचा विषय काढला. मावशींनीं हात जोडून तो बंद केला. "पैसे तूं घेतले होतेस कां? मग परत कसले करतेस?" पैसे आम्हीं घेतले नव्हते हें खरें. साडी घेतली होती, आणि ती आमच्या कपाटांत होती. या वाक्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि आजहि नाहीं.

त्याच आठवड्यांत आम्हीं एक लहानसा लेख लिहिला. अमुक लेखांत ज्या पैठणीस आम्हीं हातमागाची म्हटलें ती यंत्रमागावरची आहे. आम्हीं तिची उलटी बाजू न पाहतां लिहिलें होतें. ज्यांनीं आमच्या शब्दावर विश्वासून ती हातची म्हणून घेतली त्यांचे आम्ही अपराधी आहों. एवढाच मजकूर. कांहीं वाचकांनीं शाबासकी दिली. कांहींनीं आमचें लिहिणें वाचणें सोडलें. घरीं येणारीं पुडकीं पुष्कळ कमी झालीं. एका वाचक भगिनीनें एकच ओळ लिहिली: 'माझी लग्नाची साडी तीच आहे.' त्या ओळीस काय उत्तर द्यावें, हें अनेक दिवस सुचलें नाहीं. शेवटीं आम्हीं क्षमा मागितली, आणि त्यापलीकडे कांहीं लिहिलें नाहीं.

उन्हाळ्यांत ताई माहेरीं आली तेव्हां ती, मावशी आणि आम्ही मिळून येवल्यास गेलों. येवलें आमच्या शेजारच्याच तालुक्यांतलें. पैठणीस २०१० सालीं भौगोलिक मानांकन मिळालें त्यांतहि येवल्याच्या मागांचा मोठा वांटा. आणि आम्ही त्यावर लिहिणारे असून विणकराच्या ओसरीवर पूर्वीं कधीं बसलों नव्हतों. मावशींस पूर्वीं ज्यानें सांगितलें होतें त्याच्याच घरीं आम्ही गेलों. ओसरीच्या आंत खड्ड्यांत पाय सोडून तो मागावर बसला होता. रंगीत कांड्यांची रांग पदरावर पसरलेली. एक कांडी उचलावयाची, चार धाग्यांतून काढावयाची, खालीं ठेवावयाची, दुसरी उचलावयाची. आम्ही दुपारभर बसलों. पदर दोन बोटेंहि पुढें सरला नाहीं. भरगच्च पदराच्या साडीस महिनेच्या महिने लागतात, हें आम्हीं दहा वेळां लिहिलें होतें; 'महिने' या शब्दाची लांबी त्या दिवशीं प्रथम डोळ्यांनीं पाहिली.

ताईनें आपली पैठणी बरोबर आणली होती. ती पुढें करून तिनें विचारलें, "ही अगदींच टाकाऊ आहे कां हो?"

विणकरानें हात पुसून साडी घेतली. "टाकाऊ कशानें? रेशीम चांगलें आहे. रंग जाणार नाहीं. यंत्राची साडी वाईट नसते, ताई. ज्याला हातची परवडत नाहीं त्यानें काय नेसूं नये? पण तिला तिच्या नांवानें हांक मारा. तिला आमचें नांव दिलेंत कीं आमच्या पोटावर येतें, आणि तिलाहि उगाच खोटें पडावें लागतें."

कापडाविषयीं इतकें समंजस वाक्य आम्हीं कोणत्याहि ग्रंथांत वाचलेलें नाहीं. यंत्राच्या साडीनें तर आपण हातची आहों असें कधींच म्हटलें नव्हतें. उलटी बाजू तिनें कोणापासून लपविली नव्हती. कोणी पाहिली नव्हती.

पुढच्या संक्रांतीस ताई सासरीं तीच पैठणी नेसली. येवल्याच्या त्या बाई आल्या होत्या. ताईनें हळदकुंकू लावतांना आपण होऊन सांगितलें, "ही यंत्रावरची आहे बरें का. माझ्या आईनें हौसेनें घेतली आहे." बाई म्हणाल्या, "रंग मोठा छान आहे." एवढेंच झालें. हें ताईनें फोनवर सांगितलें तेव्हां मावशी आमच्याच ओटीवर बसल्या होत्या. ऐकून त्या कांहीं बोलल्या नाहींत. थोड्या वेळानें उठून घरीं गेल्या आणि वाटीभर तिळाची वडी घेऊन आल्या.

मुंबईचें आमंत्रण पुन्हां आलें तर आम्ही जाऊं, आणि आनंदानें जाऊं. प्रकाशांतून चालत येणाऱ्या त्या कपड्यांवर आमचा राग नाहीं. समोरची बाजू दाखविणें हें तेथील कामच आहे, आणि तें ते लोक मन लावून करतात. आमचें काम त्यानंतर सुरू होतें. खेळ संपल्यावर मागें जावें, कपडा हातांत घ्यावा, उलटा करावा, तो कोणी विणला तें विचारावें, आणि कळेल तेवढेंच लिहावें. न कळेल तेथें विशेषण घालूं नये. यानें लेख थोडे रोड होतात. आमचे झाले आहेत.

मुंबईहून आल्यावर ती घरची पैठणी काकूंच्या स्वाधीन केली तेव्हां त्यांनीं उन्हाआड वारा दिला, नवी घडी घातली आणि विचारलें, "कसें काय होतें नाटक?" आम्हीं सर्व हकीकत सांगितली. काकू म्हणाल्या, "उलटून तर आम्ही भाकरीसुद्धां पाहतों," आणि ट्रंक लावली.

परवां एक पाहुणे आले होते. त्यांनीं मामंजींस तोच प्रश्न केला. मामंजी नेहमींप्रमाणें क्षणभर थांबले आणि "लिहितात कांहींतरी," असें म्हणून त्यांनीं पानाचा डबा पुढें सरकविला. आम्ही आंत चहा गाळीत होतों. या वेळीं आम्हांस राग आला नाहीं. मामंजींनीं आमचें लिहिणें आजवर वाचलेलें नाहीं. जें त्यांनीं पाहिलेलें नाहीं, त्याविषयीं त्यांनीं एकहि विशेषण कधीं घातलें नाहीं.